सरकारी शाळेचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने निवडून आलेले पालक, पहिल्यांदाच मुख्याध्यापकाचा पदभार घेतलेले शिक्षक आणि खासगी शाळांतल्या राखीव २५ टक्के जागांच्या सोडतीत नाव यावे म्हणून धडपडणारी कुटुंबे पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरे. नियम देशभराचे आहेत, उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. शिक्षणाचा हक्क मुलाला जन्माने मिळतो, पण त्या हक्कामागचा पैसा नोंदीमागून येतो. हजेरीपट, जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही) आणि पोर्टल यांतला आकडा चुकला की पैसाही चुकतो.

आमची शाळा नक्की कोणाची? जिल्हा परिषदेची, राज्याची की केंद्राची?

चालवते जिल्हा परिषद (शहरात महापालिका किंवा नगरपालिका), शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि योजनांच्या पैशात केंद्राचा मोठा वाटा असतो. शिक्षण हा पूर्वी राज्यसूचीतला विषय होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणून संसदेलाही त्यावर कायदा करता येतो.

महाराष्ट्रात खालून वर जायचे तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि पुण्यात शिक्षण आयुक्तालय अशी साखळी आहे. समग्र शिक्षा योजनेचा पैसा मात्र मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत उतरतो. एकाच शाळेला दोन वाटांनी आदेश येतात ते यामुळे. गोव्यात जिल्हा परिषदा शाळा चालवत नाहीत, सरकारी प्राथमिक शाळा थेट शिक्षण संचालनालयाच्या असतात. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचा खर्च पूर्ण केंद्राचा, त्यांचा हिशेब इथे धरू नका.

कायदा नेमका काय देतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले. त्यावर आधारलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वय ६ ते १४, इयत्ता पहिली ते आठवी. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन झाले पाहिजे.

‘सक्ती’ हा शब्द लोक उलटा वाचतात. या कायद्यातली सक्ती सरकारवर आहे: प्रवेश देणे, मूल रोज येते आहे हे पाहणे, त्याचे आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करून घेणे.

मग खर्चाची वाटणी कशी?

सर्वांत मोठा खर्च पगाराचा, आणि तो बहुतांश राज्ये उचलतात. केंद्राचा पैसा मुख्यतः दोन योजनांतून येतो: समग्र शिक्षा आणि पीएम पोषण (शाळेतला दुपारचा आहार). दोन्हींत वाटणी ६०:४०, म्हणजे केंद्र ६० आणि राज्य ४०. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांना ९०:१०, विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांना शंभर टक्के. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही ६०:४० मध्ये बसतात.

समग्र शिक्षा २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षण या तीन योजना एकत्र करून झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी तिला २,९४,२८३ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात केंद्राचा वाटा १,८५,३९८ कोटी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेला ४१,२५० कोटी आणि पीएम पोषणला १२,५०० कोटी ठेवले होते. आकडे डोळे दिपवणारे असले तरी ते सुमारे साडेअकरा लाख शाळांत वाटायचे असतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पुन्हा लिहिली आहे. अजून तिथवर पोहोचलेलो नाही.

आम्ही भरतो तो शिक्षण उपकर शाळेला मिळतो का?

२००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्के उपकर आला आणि त्यासाठी प्रारंभिक शिक्षा कोष उभारला गेला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला. २०१८-१९ पासून दोन्ही जाऊन ४ टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर आहे. तो उत्पन्नावर नसून करावर लागतो: ५०,००० रुपये प्राप्तिकर असेल तर उपकर २,०००.

यातली मेख अशी की उपकर राज्यांत वाटायच्या कररकमेत धरला जात नाही. वित्त आयोगाच्या सूत्राने राज्याला जे मिळते ते राज्य हवे तसे खर्चू शकते. उपकराचा पैसा मात्र केंद्राच्या योजनेतून, केंद्राच्या अटींसह येतो, आणि तो उचलायला राज्याला आपले ४० टक्के आधी काढून ठेवावे लागतात.

दिल्लीतून निघालेला रुपया शाळेत कसा पोहोचतो?

शाळेचा विकास आराखडा तालुक्यात, तिथून जिल्ह्यात, तिथून राज्यात एकत्र होतो. राज्याचा वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक आराखडा दिल्लीतल्या प्रकल्प मंजुरी मंडळापुढे (सगळे त्याला ‘पॅब’ म्हणतात) जातो. तिथे बाबवार मंजुरी होते: इतक्या वर्गखोल्या, इतकी मुले, इतके अनुदान. आराखड्यात नसलेल्या गोष्टीला वर्षभर पैसा नाही. ‘खोली गळते, साहेबांना सांगितले होते’ याला काही किंमत नाही. समितीच्या ठरावासह ती मागणी आराखड्यात गेली होती का, एवढेच विचारले जाते.

२०२१ पासून प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खाते असते. शाळेचे खाते शून्य शिलकीचे. त्यात पैसा येऊन पडत नाही, फक्त ‘मर्यादा’ येते, म्हणजे अमुक रकमेपर्यंत खर्च करण्याची परवानगी. पासबुकात शून्य बघून घाबरू नका, पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीत मर्यादा बघा.

खर्चाच्या पायऱ्या: समितीचा ठराव, दरपत्रके, वस्तूची खरेदी आणि साठा नोंदवहीत नोंद, विक्रेत्याची पीएफएमएसवर नोंदणी, एकाने देयक भरणे, दुसऱ्याने मंजूर करणे, मग रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात. रोख काढता येत नाही.

अडते कुठे? बँकांच्या विलीनीकरणात विक्रेत्याचा आयएफएससी कोड बदललेला असतो आणि देयक परत येते. मंजुरी देणाऱ्याची बदली झालेली असते आणि त्याचे लॉगिन नव्या माणसाच्या नावावर झालेले नसते. आणि सर्वांत वाईट, मर्यादा मार्चमध्ये येते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा मागे जाते. म्हणून ठराव, दरपत्रके आणि विक्रेत्याची नोंदणी डिसेंबरातच उरकून ठेवावी. मग मर्यादा २० मार्चला आली तरी काम निभावते. मार्चअखेरीला प्रणालीवर सारा देश तुटून पडलेला असतो, तेव्हा २९ तारखेवर भरवसा नको.

संयुक्त शाळा अनुदान किती मिळते?

हे सरकारी शाळेला पटावर मिळते. वर्षाला:

३० पर्यंत मुले: १०,००० रुपये
३१ ते १००: २५,०००
१०१ ते २५०: ५०,०००
२५१ ते १,०००: ७५,०००
१,००० च्या वर: १,००,०००

किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. बाकी वीजबिल, पाणी, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, शैक्षणिक साहित्य, इंटरनेट. ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,००० पर्यंत आणि खेळासाठी ५,००० पर्यंत हे वेगळे.

३० आणि ३१ मधला फरक पाहा: एका मुलाने १५,००० रुपये. २८ पटाच्या वस्तीशाळेला १०,००० मिळतात, त्यातले १,००० स्वच्छतेचे. उरलेल्या ९,००० मध्ये बारा महिन्यांचे वीजबिल भरायचे, म्हणजे महिन्याला ७५० रुपये, तेही दुसरे काहीच घेतले नाही तर. वीजबिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळेत डिजिटल फळा भिंतीवर नुसता टांगलेला दिसतो त्याचे मूळ या हिशेबात आहे. छताची गळती असो की पटांगणाची भिंत, लहान शाळेला तेवढाच खर्च येतो. अनुदान मात्र मुले मोजून. हे सूत्र आमच्या मते चुकीचे आहे, पण आज तेच लागू आहे.

३० सप्टेंबरचे एवढे काय?

यूडायस प्लस या राष्ट्रीय नोंदीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर पुढचे अनुदान, पुस्तके, गणवेश आणि शिक्षकांची पदे ठरतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो: पहिले २ अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढचे २ जिल्ह्याचे, २ तालुक्याचे, ३ गावाचे, शेवटचे २ शाळेचे. शाळेशी संबंधित कुठल्याही पत्रावर, अर्जावर हा क्रमांक आधी लिहा.

२०२२-२३ पासून नुसती संख्या चालत नाही, मूलनिहाय माहिती भरावी लागते. दाखला घेऊन गेलेले मूल जुन्या शाळेने पोर्टलवरून सोडले नाही तर नव्या शाळेला ते ‘घेता’ येत नाही. मूल वर्गात बसलेले असते, पटावर मात्र नसते. म्हणून दाखला देतानाच, त्याच दिवशी, पोर्टलवरची नोंदही सोडा. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारणे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बेकायदा आहे.

मुलाचे आधार जुळत नाही. प्रवेश अडेल का?

अडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. कायद्याचे कलम १४ तर वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश द्या म्हणते.

पण महाराष्ट्रात संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे द्यायची हे, आधार वैध झालेल्या पटावर काढले जाते. मुलाला झळ बसत नाही, शाळेला बसते. नाव, जन्मतारीख आणि लिंग ही तीन माहिती जनरल रजिस्टर व आधारमध्ये तंतोतंत जुळावी लागते. ‘ज्ञानेश्वर’चे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असते, तिथेच बहुतेक नोंदी फेटाळल्या जातात. जून-जुलैत आधार केंद्राचे शिबिर शाळेतच लावून घ्या. सप्टेंबरात तिथे रांग असते.

आमच्या शाळेला शिक्षक किती?

केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. १५० च्या वर स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे, भाषा यांना किमान एकेक. प्रत्यक्ष पदे राज्याच्या शासन निर्णयाने निघतात आणि ते निर्णय बदलत राहतात, तेव्हा चालू निर्णय हातात घेऊनच वाद घाला.

कागदावर दोन असले तरी देशात एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की शाळा बंद. कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. पण ‘निवडणूक’ या शब्दात मतदारयाद्यांचे वर्षभराचे काम बसवले जाते. नवी भरती पवित्र पोर्टलवरून होते. निवडलेला उमेदवार आधी ३ वर्षे शिक्षणसेवक असतो, प्राथमिकला मानधन १६,००० रुपये.

पोषण आहाराचा हिशेब कसा तपासायचा?

हा हिशेब प्रत्येक समिती सदस्याला तोंडपाठ हवा. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा अनेक राज्यांत कोरडे धान्यच वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. २०२१ पासून नाव पीएम पोषण.

रोज दर मुलामागे, पहिली ते पाचवी: धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवी: १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. धान्य पूर्ण केंद्राचे. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे.

पहिली ते पाचवीची ४० मुले हजर असली तर त्या दिवशी ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी, २०० ग्रॅम तेल, आणि पैशांत २७१ रुपये २० पैसे. खिचडीत डाळ दिसत नसेल तर ८०० ग्रॅमचा प्रश्न विचारा. ‘आहार कसा होता?’ असे मोघम विचारून काही हाती लागत नाही.

हिशेब पटावर नाही, त्या दिवशीच्या हजेरीवर होतो. ३४ हजर असताना ४० लिहिले की साठा नोंदवहीत ६०० ग्रॅम तांदूळ रोज ‘खर्ची’ पडतो. उलट चूकही होते: गोणी ५० किलोची म्हणून न मोजता उतरवून घेतली आणि आत ४७ निघाले, तर ती ३ किलोंची तूट मुख्याध्यापकाच्या माथी. काटा लावूनच गोणी घ्या, पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहा. वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची, आणि ही सही संध्याकाळी एकदम करायची नसते.

स्वयंपाकी-मदतनीस २५ मुलांपर्यंत १, १०० पर्यंत २, पुढच्या प्रत्येक १०० ला आणखी १. केंद्राचे मानधनाचे मानक महिना १,००० रुपये, तेही वर्षातले १० महिने, २००९ पासून तसेच आहे. महाराष्ट्रासह काही राज्ये स्वतःची भर घालतात. ती धरूनही हे काम करणाऱ्या बाईला शेतमजुरीएवढे मिळत नाही.

पुस्तके आणि गणवेश सगळ्यांना का मिळत नाहीत?

पुस्तके आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित दोन्ही शाळांना मिळतात, महाराष्ट्रात ती बालभारतीची. गणवेश फक्त सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांना. केंद्राचे मानक दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये, सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांच्यासाठी. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकालाच गणवेश, ही विसंगती महाराष्ट्राने उरलेल्या मुलांचा खर्च उचलून काढली. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकत्र खरेदी करून बचत गटांकडून शिवून घेतले. मापे चुकली, गणवेश महिनोन्महिने उशिरा आले, आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले गेले. गावातला शिंपी मुलाचे माप बघून घेतो, तेवढे राज्यस्तरावरून जमत नाही.

खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांचा पैसा कोण देतो?

सरकार. शाळेची फी किंवा सरकारचा दर मुलामागचा खर्च, यांत जो कमी तो. महाराष्ट्राचा दर वर्षाला १७,६७० रुपये. फी १२,००० असेल तर शाळेला १२,०००. फी ३५,००० असेल तर १७,६७०, आणि वरचा फरक पालकांकडून घेता येत नाही. भरपाई वर्षानुवर्षे थकते हे शाळांचे गाऱ्हाणे खरे आहे. त्याचा राग मुलावर काढून वेगळी तुकडी करणे मात्र नियमबाह्य.

राज्याने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हा कायदा लागू नाही.

आर्थिक दुर्बल घटकासाठी उत्पन्नमर्यादा १ लाख रुपये. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग, अनाथ मुलांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज बाद होतात ते बहुतेक या तीन कारणांनी: भाडेकरार नोंदणीकृत नसणे, नकाशावर घराची खूण भलत्या गल्लीत पडणे, आणि घाबरून एका मुलाचे दोन अर्ज भरणे.

पाचवीत, आठवीत नापास करतात का?

शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना तशी मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा सुरू केली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तरीही नाही जमले तर त्याच वर्गात. शाळेतून काढता येत नाही.

ऊसतोडीला आई-वडील गेले की मुलाचा पट आणि पैसा यांचे काय?

३० सप्टेंबरला पटावर असलेले मूल दसरा-दिवाळीनंतर बीडहून कोल्हापूरच्या फडावर जाते. यासाठी दोन सोयी आहेत. पहिली, गावातच हंगामी वसतिगृह: मूल आजी-आजोबांकडे राहते, शाळेत बसते, दोन्ही वेळचे जेवण योजनेतून. मागणी सर्वेक्षणावर होते, म्हणून यादी स्थलांतराआधी तयार हवी. टोळी निघून गेल्यावर केलेल्या यादीचा उपयोग नाही. दुसरी, मूल बरोबर गेलेच तर शिक्षण हमी पत्र. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेने दाखल्याविना बसवून घ्यायचे असते. पत्र पालकांच्या हातात द्या, मुकादमाच्या नको.

केंद्र राज्याचा पैसा अडवू शकते का?

अडवलेला आहे. पीएम श्री ही १४,५०० शाळांची योजना २०२२ मध्ये आली. तिच्या करारात २०२० चे शिक्षण धोरण राबवण्याची अट आहे. तमिळनाडूने करार केला नाही, तेव्हा २०२४-२५ चा समग्र शिक्षेचा सुमारे २,१५२ कोटींचा वाटा थांबला आणि ते राज्य मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ टक्के जागांची भरपाईही त्याच पैशातून निघते, त्यामुळे तिथले प्रवेशही अडकले.

मोफत म्हणता, मग शाळा वर्गणी का मागते? तक्रार कुठे करायची?

सरकारी शाळेला पहिली ते आठवीत कसलीही फी घेता येत नाही. लोकवर्गणी स्वेच्छेची असू शकते, पण ती न दिल्याने दाखला, पुस्तक किंवा परीक्षा अडवता येत नाही. देणगी घेऊन प्रवेश देणे कलम १३ ने सगळ्याच शाळांना मना आहे.

आधी समितीत विषय मांडा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्याच लागतात, इतिवृत्ताची प्रत मागा. मग कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला लेखी तक्रार द्या, प्रत्यक्षात ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देतात. तिचा निकाल ३ महिन्यांत लागला पाहिजे. न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीत मुलाचे नाव, इयत्ता, यूडायस क्रमांक, तारीख, मागितलेली रक्कम आणि मोडलेले कलम एवढेच लिहा, एका पानात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका, कारण ३ महिने त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजले जातात.